सुटली म्हणा

मैत्रेयी आणि निहार, त्या थर्मासमध्ये चहा नसायचा.

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला फोन हातात धरून अख्ख्या स्वयंपाकघरात फिरवलेत, तेव्हा निहारला तो फळीवर दिसला. स्टीलचा, पोचे पडलेला, झाकणाला चिकटपट्टी लावलेला. ‘आजी, तुझं सगळं इतकं नीट असतं, मग हे असं का?’ असे त्याने विचारले. तुमच्या आईने मागून ‘ते आजीचं ऑफिस आहे’ असे सांगितले आणि तुम्ही दोघेही हसलात. मी उत्तर द्यायच्या आत तुमची शाळेची बस आली. त्याच आठवड्यात इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, की निवृत्त डॉक्टरांनी आपल्या कामाविषयी काही लिहावे. मला अर्धवट राहिलेली गोष्ट बघवत नाही, कपाटाचे उघडे दारसुद्धा. म्हणून दोघांनाही एकदमच उत्तर देते. अंकाच्या वाचकांनी मी नातवंडांशी बोलते आहे हे चालवून घ्यावे, आणि तुम्हाला अडेल तो शब्द आईला विचारावा.

मी भूलतज्ज्ञ होते. ऑपरेशनच्या वेळी रोग्याला दुखू नये आणि तो जिवंत राहावा, या दोन गोष्टी पाहणारा हा डॉक्टर. पहिली गोष्ट लोकांना माहीत असते, दुसरी नसते. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरची पाटी रस्त्यावर असते. भूल देणारीचे तोंड मास्कमागे असते, आणि जेवढे दिसते तेवढेही रोग्याला झोप लागेपर्यंतच. परभणीत जवळजवळ कुठल्याच खासगी दवाखान्याला स्वतःचा भूलतज्ज्ञ परवडत नसे. फोन आला की आम्ही जायचो, आधी स्कूटरवर, गुडघे कुरकुरू लागल्यावर ऑटोने. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात तो थर्मास. आयुष्यभर मी लोकांच्या उशाशी बसले, आणि आज भाजीबाजारात त्यांतले कोणी मला ओळखत नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही असे मी सांगत असते. पूर्ण खरे नाही ते.

एकाने मात्र ओळख करून घेतली होती. झरीचे एक वयस्क शेतकरी, हर्नियाचे ऑपरेशन होते. टेबलावर उठून बसले आणि म्हणाले, ‘बाई, आधी गाव सांगा तुमचं. ज्याच्या हाती जीव द्यायचा, त्याचं गाव नको का ठावं?’ मी गाव सांगितले. गावानंतर आपल्याकडे आडनाव येतेच, तेही सांगितले. आमचे आडनाव ऐकले की लोकांना आम्ही बौद्ध हे कळते, आणि काही जण क्षणभर गप्प होतात. तेही झाले. मग त्यांनी हात पुढे केला. ‘टोचा,’ म्हणाले, ‘पर उठवायला इसरू नका.’ भूल देण्यापेक्षा भूल उतरवणे अवघड असते, हे त्या माणसाला कोणी शिकवले होते कोण जाणे.

माझे स्वतःचे शिक्षण मात्र इंग्रजीत झाले. वडील रेल्वेत होते, सिकंदराबादला. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, मराठी फक्त जेवणाच्या पाटावर. लग्न होऊन परभणीत आले तेव्हा मला शरीराच्या प्रत्येक स्नायूचे लॅटिन नाव येत होते आणि इथल्या बायका काय म्हणतात ते कळत नव्हते. पहिल्याच आठवड्यात एक बाळंतीण आली. बरोबरची बाई म्हणाली, ‘मॅडम, अंगावरून लय जायलंय हिच्या.’ मी विचारले, ‘काय गेले अंगावरून? बैलगाडी?’ आणि तिचे हातपाय तपासू लागले. सिस्टर मंगलने मला बाजूला ओढून कानात सांगितले, की अंगावरून जाणे म्हणजे रक्त जाणे. बैलगाडीचा विनोद त्या दवाखान्यात मी निवृत्त होईपर्यंत चालला. पण तो शब्द मी कधी विसरले नाही, कारण पुढे माझे निम्मे काम तेच झाले, अंगावरून जाणारे थांबवणे.

ते तुम्हाला नीट समजावून सांगते. बाळ पोटात असते तेव्हा वार, म्हणजे त्याला आईकडून अन्न पोचवणारा गोळा, गर्भपिशवीला आतून चिकटलेला असतो. तिथे आईच्या रक्ताच्या नळ्या उघडतात. बाळ बाहेर आले, वार सुटली, की त्या सगळ्या नळ्यांची तोंडे एकदम उघडी पडतात. त्या कोण बंद करणार? पोट कापून बाळ काढले तर डॉक्टर टाके पिशवीच्या कापलेल्या कडांना घालतात, आतल्या नळ्यांना कोणी घालत नाही. त्या पिशवीनेच बंद करायच्या असतात. ती मुठीसारखी आवळते आणि नळ्या तिच्या स्नायूंच्या धाग्यांत चिमटल्या जातात. बहुतेक वेळा ती हे आपणहून करते. पण लांबलेल्या बाळंतपणात ती थकते. थकलेला हात मूठ वळत नाही. मग बाई आपल्यासमोर, शुद्धीत, बोलता बोलता पांढरी पडते.

म्हणून सिझेरियनमध्ये बाळ बाहेर आले की लगेच, रक्त वाहू लागायची वाट न पाहता, भूलतज्ज्ञ ऑक्सिटोसिन देतो. पिशवीला ‘आवळ’ असे सांगणारे औषध. हळूहळू द्यायचे, घाई केली तर रक्तदाब कोसळतो. ते गार ठेवावे लागते. परभणीच्या मे महिन्यात, दुपारी वीज गेलेली असताना, औषधाच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये ते किती गार राहिले असेल याची मला खात्री नसे. गरम झालेले औषध दिसायला तसेच दिसते, फक्त काम करत नाही. म्हणून मी स्वतःच्या फ्रीजमधून बर्फ घालून स्वतःचे औषध घेऊन फिरायचे. झाले, हे थर्मासचे उत्तर. पोचे स्कूटरवरून दोनदा पडल्याचे. दोन्ही वेळा मी आधी थर्मास उचलला आणि मग स्वतःला.

आमच्या कामातला सर्वांत धोक्याचा क्षण आनंदाचा असतो. बाळ रडले की थिएटरमधली सगळी माणसे बाळाकडे पाहतात. मी तेव्हा सक्शनच्या, म्हणजे रक्त ओढून घेणाऱ्या यंत्राच्या, बाटलीकडे पाहायचे, तीत रक्त किती वेगाने चढते आहे ते. इतकी बाळे माझ्या समोर जन्मली, पण जन्मताना पाहिलेली फार थोडी. तुमच्या आईचा जन्मसुद्धा मी पाहिला नाही, तेव्हा मी टेबलावर होते आणि माझा भूलतज्ज्ञ बाटलीकडे पाहत होता.

आता शीतलची गोष्ट.

शीतल राणीसावरगावच्या बाजूची. पहिलेच बाळंतपण. कळा घरीच खूप वेळ सोसल्या, मग गंगाखेड, मग तिथून परभणी. भर दुपारी ती डॉक्टर वैशालीच्या दवाखान्यात पोचली तेव्हा ओठ कोरडे, अंगात रक्त आधीच कमी, आणि बाळ अडलेले. वैशालीने मला फोन केला तेव्हा ती फक्त एवढेच म्हणाली, ‘मॅडम, पिशवी थकलेली आहे. लवकर या.’ शीतलबरोबर तिचा नवरा बालाजी होता आणि सासू कौसाबाई. कौसाबाई म्हणजे काटक अंगाची, नऊवारीतली, कमरेला पानसुपारीची चंची खोचलेली बाई. ती बाकावर बसली नव्हती. भिंतीला टेकून उभी होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काय आहे ते पाहत होती.

मी पाठीत इंजेक्शन देऊन शीतलची कंबर बधिर केली. या भुलीत बाई जागी असते, पोटावर हिरवा पडदा असतो आणि पडद्याच्या अलीकडे तिचे डोके व मी. पलीकडे वैशाली हातमोजे चढवत होती. मी नेहमीप्रमाणे शीतलशी बोलू लागले, गाव कोणते, शिक्षण किती. तिने मधेच विचारले,

‘मॅडम, तुमी मला म्हशीचं इंजेक्शन देणार हाव का?’

मला आधी समजले नाही. मग सगळे बाहेर आले. बालाजी औषधे आणायला गेला होता. दुकानदाराने ‘ऑक्सिटोसिन आहे, पण मॅडम स्वतःचंच आणतात’ असे म्हटले, आणि बालाजीने नाव ओळखले. तेच त्यांच्या गोठ्यात यायचे. कुणीतरी बिनचिठ्ठीच्या बाटलीत ते विकत असे. रेडकू मेले की म्हैस पान्हा सोडत नाही, दूध चोरते. मग तिला हे टोचायचे. पान्हा सुटतो. बालाजीने आईला सांगितले, आणि स्ट्रेचर आत ढकलत असताना कौसाबाईने सुनेच्या कानाशी वाकून आण घातली, ‘माझ्या गळ्याची आण हाय, ते इंजेक्शन घिऊ नकोस.’

सिस्टर मंगल सलाइन लावत होती. ती इंग्रजीत कधी बोलत नसे, त्या दिवशी बोलली. ‘मॅडम, टेल व्हिटॅमिन.’

खरे तर तेच सोपे होते. सलाइनमध्ये काय आहे हे शीतलला कधीच कळले नसते. पण भूल देणे आणि भुलवणे यांत फरक असतो. तिने मला सरळ विचारले होते. शरीर तिचे होते. मी म्हटले, ‘हो. तेच औषध देणार आहे. तुला त्याची गरज आहे.’

‘मंग नको.’

‘का नको?’

‘आत्याबाईंच्या गळ्याची आण हाय. त्यास्नी काय झालं मंजी?’

मी तिला रक्त किती जाऊ शकते ते सांगितले. तिने ऐकून घेतले. ती अडाणी नव्हती, बारावी झालेली होती. म्हणाली, ‘तुमचं खरं असंल. पर मला आईसारखंच केलं हाय त्यांनी. म्या त्यांचा जीव कसा घालवू?’

मैत्रेयी, तुमच्या आईने लहानपणी मावशीला अशा शपथा फार घातल्या. ‘माझ्या गळ्याची शपथ, कोणाला सांगू नकोस.’ मग मावशी दिवसभर तिच्या मागे ‘सुटली म्हण, सुटली म्हण’ करत फिरायची. कारण शपथ ज्याने घातली त्यानेच ‘सुटली’ म्हणावे लागते. मी त्यांना नेहमी सांगायचे, शब्दांनी कोणाचा गळा कापला जात नाही. शीतललाही तेच सांगता आले असते. पण टेबलावर झोपलेल्या, घाबरलेल्या मुलीला तिची श्रद्धा खोटी ठरवून दाखवणे हा काही इलाज नाही. ‘सुटली’ म्हणणारी बाई दाराबाहेरच उभी होती.

वैशाली म्हणाली, ‘मॅडम, बाळाचे ठोके ठीक आहेत, पण फार वेळ नाही.’ मी भूल दिलेली बाई सोडून हलू शकत नव्हते. मी सिस्टरला दार उघडायला सांगितले. थिएटर लहान होते. शीतलच्या मनगटावर बोटे ठेवून मान वळवली तर उंबरठा दिसत असे. कौसाबाई अनवाणी तिथे येऊन थांबली. आत पाऊल टाकायचे नाही हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

‘कौसाबाई, आण कामून घातली?’ मी विचारले.

‘कामून म्हंजी? आमच्या चांदीला तेच टोचायलो व्हतो. सकाळ-संध्याकाळ. दूध आलं, खरं हाय. पर फुडं गाभण ऱ्हाईना झाली. भाकड झाली. बाजारात न्यावी लागली तिला.’ मग तिचा आवाज एकदम खाली आला. ‘भाकड जनावराला बाजार दावत्यात, मॅडम. भाकड बाईला काय दावत्यात, ते तुमाला ठावं न्हाई. मला एकच लेकरू. बालाजीच्या मागं दुसरं झालं न्हाई, तर मला काय काय ऐकावं लागलं ते मलाच ठावं. हिच्या वाट्याला नको ते.’

मी तोवर समजत होते की ही बाई सुनेच्या आड येते आहे. ती आड येत नव्हती, पुढे उभी राहिली होती.

मी म्हटले, ‘तुमच्या म्हशीला रोज दोनदा टोचलं. किती दिवस?’

‘दिवस? लय म्हैने.’

‘मोजून दिलं?’

‘बाटलीतून वडायचं अन् द्यायचं. मोजतंय कोण?’

‘मी आज देणार, मोजून, हळूहळू. उद्या नाही, परवा नाही. हे औषध बाईच्या अंगात मुळातच असतं. लेकरू अंगावर प्यायला लागलं की आपोआप तयार होतं.’

‘रेडकू ढुसण्या देतं तवा पान्हा येतो, तसं?’

‘तसंच. त्यानंच पान्हा येतो आणि त्यानंच पिशवी आवळते.’ मग मला तिची चंची दिसली. ‘ती चंची काढा जरा. तोंड उघडा.’

तिने उघडली. आत पान, सुपारी, चुन्याची डबी.

‘उलटी केली तर?’

‘सांडंल की समदं.’

‘आता नाडी ओढा.’

तिने दोन्ही टोके ओढली. तोंड मिटले. ती चंची उलटी धरून पाहत राहिली.

‘बाळ निघालं की हिची पिशवी उघडी पडणार,’ मी म्हटले. ‘कळा सोसून ती थकलीय. नाडी ओढायचं बळ नाही तिच्यात. मी देणार ते नाडी ओढायचं औषध आहे.’

‘पिशवी ऱ्हाईल का मंग?’

इथे खोटे बोलायचा दुसरा मोह होता. मी म्हटले, ‘नक्की सांगता येत नाही. औषध दिलं तर राहण्याची आशा जास्त. नाही दिलं तर पिशवी काढावी लागू शकते, आणि शीतलचंही सांगता येत नाही.’

कौसाबाईने चंची कमरेला खोचली.

‘तुम्ही सुटली म्हणा,’ मी म्हटले. ‘मोठ्यानं. तिला ऐकू जाऊ द्या.’

‘सुटली,’ ती म्हणाली. मग घसा खाकरून, गुराख्याने माळावरून हाक मारावी तशी, ‘शीतलेऽ! सुटली गं! सुटली!’

शीतलने डोळे मिटले आणि म्हणाली, ‘द्या आता.’

दार लागले. वैशालीने काम सुरू केले. मुलगी जन्मली आणि चांगली रडली. सगळे तिच्याकडे वळले, मी बाटलीकडे. औषध हळूहळू जात होते. बाटलीतली रेघ चढत होती, जरा जास्तच वेगाने.

‘मॅडम, मऊ आहे,’ वैशाली पडद्यापलीकडून म्हणाली. भिजलेल्या कणकेसारखी पिशवी तिच्या हातात होती. तिने ती दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात केली. मी सलाइनमधल्या औषधाचा वेग वाढवला. मग दुसरे औषध काढले. ते पिशवी आवळत नाही, रक्ताची धरलेली गुठळी विरघळू देत नाही. ट्रॅनेक्झामिक अॅसिड. त्याची बाटली दिसायला पाठीत द्यायच्या औषधासारखीच असते, आणि चुकून पाठीत गेले तर जीव घेते. म्हणून माझ्या बॅगेत ते निराळ्या डबीत, निराळ्या कप्प्यात असे. तुमचे आजोबा म्हणायचे, ‘हिच्या मसाल्याच्या डब्यात मोहरीसुद्धा परवानगी घेऊन जिऱ्याशेजारी बसते.’ असू दे. नीटनेटकेपणा हा माझा स्वभाव नव्हता, माझी भीती होती.

रक्तदाब उतरत होता. बालाजी रक्तपेढीकडे धावला होता. शीतल म्हणाली, ‘मॅडम, लय थंडी वाजायलीय.’ मग म्हणाली, ‘आत्याबाई हायती ना बाहेर?’ तिला अजून सासूच्या गळ्याचीच काळजी.

‘आहेत. पान खात असतील.’

‘लेकरू प्यालं तर त्यानं बी आवळती म्हणलात ना?’

‘पिऊ दे,’ मी म्हटले, आणि सिस्टरला बाळ आणायला सांगितले. तेवढ्याने भागण्यासारखी ती वेळ नव्हती, हे मला माहीत होते. पण तिलाही काहीतरी करायला हवे होते. सिस्टरने मुलीला पडद्याच्या अलीकडे तिच्या छातीशी धरले. मी तिसरे औषध मांडीत दिले, ते पिशवीला पुन्हा ‘आवळ’ सांगणारे, जरा कठोर आवाजात. त्याने ओकारी येते, तीही आली. मी तिची मान एका बाजूला धरली आणि दुसऱ्या हाताने सलाइनची पिशवी दाबत राहिले. वैशाली चोळतच होती. गर्भपिशवी काढायचा विचार तिच्या मनात आला होता हे मला तिच्या गप्प राहण्यावरून कळत होते.

मग ती म्हणाली, ‘आवळतेय.’ थोड्या वेळाने, ‘मॅडम, कडक झाली. नारळासारखी.’

बाटलीतली रेघ थांबली होती.

हे प्रत्येक वेळी झाले असे समजू नका. माझ्या कामात अशाही बायका आहेत ज्यांच्यासाठी मी हीच औषधे, ह्याच क्रमाने दिली, आणि पिशवी मऊच राहिली. एक तर जीपमधून उतरतानाच गेली. माझ्या हातातला थर्मास उघडायचाही राहिला. त्यांची नावे मी इथे लिहीत नाही. त्यांच्या घरी लेकरे आहेत आणि ती आता वाचायला लागली असतील.

पाचव्या दिवशी कौसाबाईने वॉर्डातच पाचवीची पूजा मांडली. मी दुसऱ्या ऑपरेशनला आले होते, तिने मला जिन्यात गाठले.

‘पान्हा फुटला बघा सुनंला. दुधाला कमी न्हाई.’

‘चांगलं झालं.’

‘अन् आता तुमाला माझी आण हाय. हिच्या फुडच्या बाळंतपणाला तुमीच उशाशी बसायचं.’

‘कौसाबाई, असं काही नका घालू. सुटली म्हणा.’

‘न्हाई म्हणत,’ ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

मी शपथा मानत नाही. पण सांगितले ना, कपाटाचे उघडे दार मला बघवत नाही. तीनेक वर्षे ते दार मनाच्या एका कोपऱ्यात उघडेच होते. मध्यंतरी मी निवृत्त झाले. थर्मास फळीवर गेला. गेल्या हिवाळ्यात बालाजीचा फोन आला, शीतलला दिवस गेलेत, सिझेरियनच करावे लागेल, तारीख ठरली आहे. मी म्हटले, मी आता भूल देत नाही, आईला फोन दे.

‘कौसाबाई, मी रिटायर झाले. माझा हात आता थरथरतो. आण सुटली म्हणा.’

‘फोनवर सुटत नसती आण,’ पलीकडून उत्तर आले. ‘हात थरथरला तर थरथरू द्या. बसायला हात लागत न्हाई.’

तेव्हा मी गेले. सकाळची वेळ होती. सवयीने थर्मासही घेतला. या वेळी मात्र खरोखर चहा भरून, कारण बर्फाचे काम उरले नव्हते. आता माझ्या जागेवर डॉक्टर सना येते, परभणीचीच मुलगी. तिचे औषध नवे आहे. तेही पिशवी आवळते, आणि उन्हाळ्यात टेबलावर राहिले तरी बिघडत नाही. तिने ते साध्या खणातून काढून मला दाखवले. आम्ही त्या थर्माससाठी केलेली सगळी धावपळ त्या एका खणात मावत होती. मला आनंद झाला, आणि थोडा रागही आला. तोही लिहून ठेवते.

‘मॅडम, स्टूल तुमचंच आहे,’ सना म्हणाली. मी शीतलच्या उशाशी बसले आणि तिचा हात धरला. माझा थरथरत होता, तिचा नव्हता.

‘म्हशीचं इंजेक्शन हाय का आज?’ शीतलने विचारले.

‘त्याची धाकटी बहीण आहे.’

ती हसली. पडद्यापलीकडे बाळ रडले. सगळे तिकडे वळले आणि मी बाटलीकडे.

सनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘मॅडम, बाटली मी बघतेय. तुम्ही बाळ बघा.’

तेव्हा मी बाळाकडे पाहिले. ओला, रागावलेला, मुठी घट्ट आवळलेला मुलगा. मैत्रेयी, निहार, तुम्ही दोघेही तिकडे, इतक्या लांब जन्मलात आणि मला फोटो आले. आता मला कळले की त्या फोटोंच्या आधी तुम्ही कसे दिसत असाल.

‘कडक आहे,’ वैशाली पलीकडून म्हणाली. ‘एकदम छान.’

मी बाहेर आले. कौसाबाई भिंतीला टेकून उभी होती, तशीच. मी थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिला दिला. तिने आधी थर्मास उलटसुलट करून पाहिला, मग एक घोट घेतला आणि बाकावर बसली. तिला बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

‘सुटली,’ ती म्हणाली.

आपल्याकडे बाई सुखरूप बाळंत झाली की ‘हातीपायी सुटली’ म्हणतात. म्हणून मी विचारले, ‘कोण? शीतल?’

‘ती बी,’ कौसाबाई म्हणाली, आणि आणखी चहासाठी झाकण पुढे केले.